पत्रा जाड म्हणजे गाडी सेफ?

बरेच जण म्हणतात की जुन्या गाड्यांचा पत्रा जाड, धडकेत त्याच टिकणार, आताच्या गाड्या म्हणजे नुसते डबे. पत्रा जाड होता हे खरं, पण पुढचं अजिबात पटत नाही. २००९ साली अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने १९५९ची शेवरले बेल एअर आणि २००९ची शेवरले मालिबू ताशी ६४ किमीने समोरासमोर धडकवल्या होत्या, त्याचा व्हिडिओ जरूर बघा. बेल एअरचं केबिनच कोलमडलं, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग थेट ड्रायव्हरच्या डमीवर येऊन आदळलं, आत माणूस असता तर वाचणं कठीणच होतं. मालिबूचं बॉनेट पार चुरगळलं, पण आतली जागा जवळजवळ जशीच्या तशी, डमीला फार तर पायाची दुखापत.

आता ज्याला आपण 'लगेच चेपते' म्हणून नावं ठेवतो ते चेपणं मुद्दाम ठेवलेलं असतं, धडकेचा जोर तो पुढचा भाग खातो आणि माणूस बसतो तो पिंजरा मात्र कडक ठेवलेला असतो. जुन्या गाडीत तो जोर सरळ माणसापर्यंत पोचायचा, शिवाय स्टिअरिंगचा दांडा न दुमडणारा, म्हणजे छातीवर रोखलेला भालाच. जुनी गाडी हौसेने चालवा, मलाही त्या फार आवडतात, पण पोरांना त्यात बसवून हायवेला नेताना 'दणकट आहे' या भरवशावर राहू नका, प्लीज.