मदत हवी आहे: सासूबाई दूध गॅसवर ठेवून विसरतात. लक्ष नसतं की स्मृतिभ्रंश?

सीवूड्स_सून
वय ७२, मधुमेह, बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू. काही महिन्यांपासून दूध उतू जातं, तेच तेच विचारतात. हिशेब आणि नेरुळचे रस्ते मात्र चोख. आधी काय तपासू? सुडोकूने फरक पडेल?

पामबीच
ताई, गोष्ट डोक्यात शिरतच नाही की शिरून टिकत नाही, ते आधी बघा. टीव्ही बंद करून तीन शब्द सांगा: चाफा, पितळ, रिक्षा. त्यांच्याकडून म्हणवून घ्या. मग आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. इथे अडखळल्या तर लक्ष कमी पडतंय. पाचेक मिनिटं इतर गप्पा मारून शब्द विचारा. नाही आले तर ‘एक फूल होतं’ एवढंच सुचवा. त्यावर चाफा आठवला तर शब्द आत गेला होता. सुचवूनही नाही, किंवा शब्द सांगितले होते हेच आठवत नाही, तर न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्या. यावरून निदान मात्र करू नका. आणि कान तपासा! नीट ऐकूच आलं नसेल तर लक्षात काय राहणार?

तलावपाळी
मेटफॉर्मिन लांबलं की बी१२ जीवनसत्त्व घटू शकतं, शाकाहारी असतील तर जास्तच. रक्तातलं बी१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) करा. रक्त देण्याआधी बी१२चं इंजेक्शन नको, आकडा फुगतो. केसांच्या गोळ्यांतल्या बायोटिनमुळे टीएसएच चुकीचं येऊ शकतं, त्या किमान दोन दिवस आधी थांबवा. साखर उतरते का तेही बघा. बाकी गोळ्या कोणत्या?

सीवूड्स_सून
झोपेसाठी रोज क्लोनाझेपाम. सर्दीची गोळी अधूनमधून, केमिस्टकडून. दोन्ही बंद करू?

तलावपाळी
क्लोनाझेपाम एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर हळूहळू कमी करतील. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन असेल तर ती सोडा. या वयात तिने गुंगी येते, विसराळूपणा वाढतो, कुणी विचारतही नाही.

पामबीच
सुडोकूने सुडोकू सुधारतं, दूध उतू जायचं थांबत नाही. गॅस चालू असताना फोन घ्यायचा नाही, टायमर ओट्यावर न ठेवता जवळ बाळगायचा. नेरुळच्या ‘ज्वेल’ बागेत फेरी मारताना प्रश्न विचारून बघा. उत्तर द्यायला थांबावं लागत असेल तर पडण्याचा धोका आहे, डॉक्टरांना सांगा.
एक-दोन दिवसांत अचानक गोंधळल्या तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सोडियम उतरणं किंवा लघवीचा संसर्ग असू शकतो. डोक्याला मार लागला असेल तर रक्तस्राव आठवड्यांनीही त्रास देतो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास विशेष जपा.