तैवानचे को बंधू, आणि नाइन बॉल-टेन बॉलमधला फरक?

कणकवलीकर:
आमच्याकडे बाजारात आत्ता कुठे पूलचं (काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ) टेबल आलंय, मी आणि धाकटा भाऊ पावसात संध्याकाळी तिथेच असतो. लहानपणापासून कॅरम खेळलोय त्यामुळे अँगल पटकन कळतात, पण एक बॉल घातला की पुढचा कायम अडकतो, असं का होतं? रात्री यूट्यूबवर को पिन-यी आणि को पिंग-चुंग बघतो, सख्खे भाऊ आणि दोघंही वर्ल्ड चॅम्पियन, लय भारी वाटतं. पूलचे नाइन बॉल आणि टेन बॉल हे दोन प्रकार, त्यात नुसता एक बॉल जास्त एवढाच फरक आहे का? आणि सख्खा भाऊ समोर आला की मनापासून खेळता येतं का हो?

स्ट्रायकर_रत्नागिरी:
नाही रे, फरक मोठा आहे. दोन्हीत काठीने मारायच्या पांढऱ्या बॉलने टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी टच करावा लागतो. पण नाइन बॉलमध्ये 1 ला लागून 9 आपसूक पॉकेटमध्ये गेला तरी गेम तुझा, टेन बॉलमध्ये कुठला बॉल कुठल्या पॉकेटमध्ये ते आधी सांगायचं, चुकून पडलेल्याचा उपयोग नाही. म्हणून पिन-यीचं 2015 साल मला फार मोठं वाटतं, दोहाला अमेरिकेच्या शेन व्हॅन बोनिंगला 13-11 ने हरवून नाइन बॉलची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आणि त्याच वर्षी फिलिपिन्समध्ये टेन बॉलचीपण. पिंग-चुंग 1995 चा, म्हणजे सहा वर्षांनी लहान, त्याने 2019 ला लास वेगासमध्ये टेन बॉलच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला जर्मनीच्या जोशुआ फिलरला हरवलं, तेव्हा फिलर नाइन बॉलचा वर्ल्ड चॅम्पियन होता! तिसरा भाऊ पिंग-हान, तोपण खेळतो.

आता तुझं अडकणं. कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर उचलून परत आपल्या लाइनवर ठेवतोस, तो कुठे थांबला याची फिकीर नसते. इथे पांढरा बॉल जिथे थांबला तिथूनच पुढचा शॉट. पिंग-चुंगची मॅच परत लाव आणि पडणारा बॉल सोडून फक्त पांढरा बघ, बहुतेक वेळा पुढच्या बॉलला सरळ येईल असाच थांबलेला असतो.

मालवणचो झील:
माका वाटता भाव समोर इलो तर उलट जास्त जोरात खेळूक होया. सोडून दिलं तर त्याच्या मेहनतीचा अपमान आहे तो, आम्ही गावच्या कॅरम टुर्नामेंटला दोघं भाव समोरासमोर येतो, बोर्डावर कोण कोणाचा नाय, घरी एकाच ताटात जेवतो. आणि टेबलवाल्याला कापड रोज ब्रश करायला सांग, आपल्याकडच्या पावसात ते दमट होतं, बॉल जड धावतो, मग जोर लावायची सवय लागते आणि कोरड्या टेबलावर गेलास की सगळं पुढे जातं.

स्ट्रायकर_रत्नागिरी:
अजून एक, दोघं मिळून डबल्स खेळा. वर्ल्ड कप ऑफ पूलमध्ये एक शॉट एकाचा, पुढचा दुसऱ्याचा, पिन-यीने 2015 मध्येच चांग यू-लुंगसोबत तोपण जिंकलाय. पांढरा बॉल भावासाठी ठेवायचा असला की पोझिशन आपोआप शिकतो माणूस.

कणकवलीकर:
धन्यवाद दोघांना, हे पांढऱ्या बॉलचं कोणी सांगितलंच नव्हतं. उद्यापासून डबल्स, आणि पॉकेट आधी सांगूनच. कापडाचं काकांना सांगतो, ब्रश मीच मारेन हवं तर.