नफा बॉडीत की लेन्समध्ये?

निशाचर:
डीएसएलआरसारखे लेन्स बदलता येणारे कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांची खरी कमाई लेन्सवर होते, असं माझं ठाम मत आहे. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, दोन-चार वर्षांत जुनी ठरते, नवा सेन्सर, नवा प्रोसेसर, संशोधनाचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. लेन्सचं डिझाइन एकदा जमलं की वर्षानुवर्षं विकता येतं. कॅननची 50 एमएम एफ/1.8 लेन्स घ्या. तिची दुसरी आवृत्ती 1990 ची, आणि तिच्या जागी नवी एसटीएम आवृत्ती आली थेट 2015 मध्ये!

केवडा:
अजिबात सहमत नाही. उदाहरण दिलंत तेही कॅननच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एकीचं! लोक लेन्स घेतात तरी किती? 2012 मध्ये लेन्स बदलता येणारे सुमारे 2 कोटी कॅमेरे बाजारात गेले आणि लेन्स सुमारे 3 कोटी. म्हणजे बॉडीमागे सरासरी दीड, त्यातली एक बहुधा बॉडीसोबतच मिळणारी किट लेन्स. शिवाय चांगली लेन्स वीस वर्षं टिकते, सेकंड हँड फिरत राहते, आणि त्या व्यवहारात कंपनीला काहीच मिळत नाही. बॉडी मात्र बदलावीच लागते.

निशाचर:
बदलताना कोणत्या कंपनीची घेता? निकॉनचा एफ माउंट (लेन्स बॉडीला जोडायची खाच) 1959 चा, कॅननचा ईएफ 1987 चा. तीन चांगल्या लेन्स जमल्या की माणूस त्या माउंटला बांधला जातो. पुढची बॉडी खपते ती लेन्समुळेच. आणि सरासरी दीड असली तरी 70-200 एफ/2.8 सारखी महागडी लेन्स घेणारा एकटा गिऱ्हाईक कित्येक किटवाल्यांना भारी पडतो.

भिंगवाला:
निशाचर यांना +1. कॅननने मिररलेस कॅमेऱ्यांसाठी आरएफ माउंट 2018 मध्ये आणला, पण सिग्मा-टॅमरॉन या इतर लेन्स कंपन्यांना त्यावर परवान्याने ऑटोफोकस लेन्स आणायला 2024 उजाडलं, आणि तेही एपीएस-सी या लहान सेन्सरपुरतंच. लेन्समध्ये पैसा नसता तर एवढी राखण कशाला?

केवडा:
मग सोनीचं काय? ई-माउंटची मूलभूत माहिती त्यांनी 2011 मध्ये इतर उत्पादकांना विनामूल्य खुली केली. त्यांना बॉडी खपवायची होती, हे उघड आहे.

निशाचर:
सोनी सेन्सर स्वतः बनवते, म्हणून तिला ते परवडतं. निकॉन बरेच सेन्सर बाहेरून घेते, त्यामुळे बॉडीच्या किमतीतला मोठा वाटा दुसऱ्याच्या खिशात जातो. लेन्सची काच मात्र निकॉनच्याच हिकारी ग्लासमध्ये तयार होते.