धिप्पाड सेंटरशिवाय एनबीएचं विजेतेपद मिळतं की नाही?

कोपऱ्यातला_शूटर

एनबीएवरून, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगवरून, मित्राशी वाद सुरू आहे आणि मी हरतोय असं वाटायला लागलंय, म्हणून हा धागा. त्याचं म्हणणं असं की मायकन, रसेल, करीम, हकीम, शॅक, डंकन या उंच खेळाडूंची नावं वाच आणि गप्प बस. रिंगखाली दादागिरी करणारा सेंटर, म्हणजे संघातला उंच माणूस, ज्या संघाकडे, विजेतेपदाची अंगठी त्याच्याकडे. मधूनच दुसरं कुणी जिंकलं तर तो अपवाद.

मी म्हटलं, मायकल जॉर्डनच्या शिकागो बुल्सनी १९९१ ते १९९८ मध्ये सहा विजेतेपदं घेतली तेव्हा सेंटरला बिल कार्टराइट आणि नंतर ल्यूक लाँगली होते. त्यांना दादा कोण म्हणेल? तर म्हणे, "जॉर्डनला सोडून बोल." सहा विजेतेपदं सोडून बोलायचं तर वाद घालायचाच कशाला?

जाणकारांनी सांगा: उंच माणूस खरंच लागतो, की आपल्याला तशी सवय लागलीय?

जुनी_स्कोअरशीट

तुमच्या मित्राच्या बाजूने थोडं. जॉर्ज मायकन ६ फूट १० इंचांचा. तो रिंगजवळ ठाण मांडून बसायचा म्हणून १९५१ मध्ये लेन (रिंगसमोरचा पट्टा, जिथे आक्रमकाला जास्त वेळ थांबता येत नाही) ६ फुटांवरून १२ फूट रुंद केली. मग विल्ट चेंबरलेन आला आणि १९६४ मध्ये ती १६ फूट झाली. दोघांपायी मैदानाच्या रेघा पुसून पुन्हा आखाव्या लागल्या, यातच काय ते आलं.

पण विल्टचंच उदाहरण तुमच्याही कामी येईल. १९६१-६२ मध्ये त्याने सामन्यामागे ५०.४ गुण काढले, एका सामन्यात तर १००. त्या वर्षी रसेलच्या सेल्टिक्सनी त्याला सातव्या सामन्यात घरी पाठवलं. १९६६-६७ मध्ये त्याची सरासरी २४.१ वर आली, असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) आठच्या जवळ गेले, आणि तेव्हा कुठे पहिलं विजेतेपद मिळालं. रसेलने १३ हंगामांत ११ घेतली, आणि गुणांच्या यादीत तो कधी पहिला नव्हता.

गुडघे_गेलेला_सेंटर

मी कॉलेजच्या संघात सेंटर होतो. कौशल्य म्हणून नाही, वर्गात सगळ्यात उंच म्हणून. तेव्हा मोठ्या माणसाची किंमत मी जरा आतून बघितलीय.

एका स्पर्धेची सेमीफायनल. पूर्वार्धात माझे १९ गुण. समोरचा सेंटर माझ्यापेक्षा बुटका, मी त्याच्या खांद्यावरून हवे तसे बॉल टाकतोय. मध्यंतरानंतर त्यांच्या कोचने त्या सेंटरलाच बसवलं आणि पाच चपळ पोरं उतरवली, पाचही बाहेरून मारणारी. आता मी कुणाला धरू? ज्याला धरायला जावं तो मला रिंगपासून वीस फूट लांब नेऊन उभा करायचा आणि मागे रिंग मोकळी. चार मिनिटांत आमच्या कोचने मला बाहेर बोलावलं. त्यानंतर बराच वेळ मी टॉवेल घेऊन सामना बघितला.

त्यामुळे २०१५ ची अंतिम मालिका बघताना मला मॉझगॉव्हची फार कीव आली. वॉरियर्स १-२ असे मागे. चौथ्या सामन्यात त्यांचे कोच स्टीव्ह कर यांनी आपला सेंटर बोगट काढून इग्वाडालाला सुरुवातीला आणलं. क्लीव्हलँडच्या ७ फुटी मॉझगॉव्हने रिंगखाली २८ गुण केले, आणि क्लीव्हलँड २१ गुणांनी हरलं. पुढच्या सामन्यात तो जेमतेम ९ मिनिटं मैदानावर होता. आदल्या सामन्यात २८ आणि लगेच बेंच! हे मॉझगॉव्हचं अपयश नव्हे. त्याच्याकडून जे मिळत होतं त्याहून जास्त दुसऱ्या टोकाला जात होतं.

युटाचा सेंटर गोबेअर, त्याचंही तेच. बचावाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून चार वेळा गौरवलेला माणूस. पण २०२१ मध्ये युटाविरुद्धच्या सहाव्या सामन्यात क्लिपर्सनी त्याच्या वाट्याला टेरन्स मॅनला ठेवलं आणि मॅनला बाहेर उभं केलं. गोबेअर रिंग राखायला आत सरकला की मॅन मोकळा. मॅनचे ३९ गुण झाले. युटा २५ गुणांची आघाडी घालवून स्पर्धेतून बाहेर.

म्हणून "दादा सेंटर कोण" हे मी गुणांवरून ठरवत नाही. समोरच्या कोचला त्याला मैदानाबाहेर घालवता येतं का, एवढंच बघतो. लेकर्सच्या शॅकचे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक) दिव्य होते, कारकिर्दीत ५२.७ टक्के. मुद्दाम फाउल करून करून लोक दमले, पण त्याला बाहेर घालवता आलं नाही, कारण आपल्याकडे बुटके उतरवले तर त्याला आत धरणार कोण? २००० च्या अंतिम मालिकेत ३८ गुण आणि १६.७ रीबाउंडची (हुकलेले बॉल पकडण्याची) सरासरी.

आणि ह्यूस्टनचा हकीम! १९९४ ची अंतिम मालिका, न्यूयॉर्कविरुद्ध सहावा सामना, ह्यूस्टन ८६-८४ ने पुढे, शेवटचे क्षण. न्यूयॉर्कच्या स्टार्क्सने तीन गुणांचा थ्री मारला असता तर तिथेच विजेतेपद गेलं असतं. आणि थ्रीच्या रेषेवर जाऊन त्या बॉलला बोट लावलं कुणी? सेंटरने. तिथे मी असतो तर अजून रिंगखालीच असतो.

डेन्व्हरचा सेंटर योकिच, त्याला पळताना बघितलंत तर वाटतं हा आत्ता बसेल. नव्या खेळाडूंच्या निवडीत ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. पण दोघांनी मिळून धरावं (डबल टीम) तर तो पास देतो, न करावी तर स्वतः टाकतो. २०२३ च्या अंतिम मालिकेत मायामीने सगळं करून बघितलं, तरी डेन्व्हरच जिंकलं.

बेंचवरचा_वकील

सेंटरभाऊ, लेख छान, पण ही कसोटी निकाल लागल्यावर लावायला सोपी आहे. २००४ ची अंतिम मालिका घ्या. शॅकला कुणी मैदानाबाहेर घालवलं नव्हतं. २६.६ गुणांची सरासरी, ६३ टक्के नेम, आणि लेकर्स डेट्रॉईट पिस्टन्सकडून १-४ ने हरले. पिस्टन्सचं धोरण ढोबळमानाने असं की शॅकला आपल्या बेन वॉलेसबरोबर झुंजू द्या आणि लेकर्सच्या कोबेचा श्वास कोंडा. कोबेचा नेम ३८ टक्क्यांवर आला. तुमच्या कसोटीत शॅक पास, संघ नापास.

न्यूयॉर्कचा सेंटर यूइंग, त्यालाही कुणी बाहेर घालवू शकत नव्हतं. अंगठी कुठाय?

कोपऱ्यातला_शूटर

वकीलसाहेब, धन्यवाद, हे मी वापरणार. सेंटरभाऊ, पण बुल्सचं काय? ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

गुडघे_गेलेला_सेंटर

वकिलांचं २००४ मान्य. माझी कसोटी विजेतेपदाची हमी देत नाही. ती फक्त सांगते की कुठला उंच माणूस शेवटच्या पाच मिनिटांत उपयोगी पडेल.

बुल्स गाळले नव्हते, मला जेवायला बोलावलं होतं. आलो परत. १९९५ मध्ये ऑर्लँडोने जॉर्डनसकट बुल्सना हरवलं. ऑर्लँडोकडे शॅक, आणि बुल्स सोडून आलेला होरेस ग्रँट. त्यानंतर बुल्सनी काय केलं? दादा सेंटर शोधत बसले नाहीत. रॉडमन आणला. ६ फूट ७ इंच, पण रीबाउंडसाठी जीव टाकणारा. आणि सेंटरच्या जागी लाँगली, वेनिंग्टन असे आलटून पालटून. प्रत्येकाकडे सहा फाउल (सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर), ते शॅकवर खर्च करायचे. १९९६ मध्ये त्याच ऑर्लँडोला ४-० ने धुतलं.

म्हणजे तुमच्याकडे दादा नसला तरी चालतं. समोरच्याच्या दादाचं काय करायचं हे मात्र ठरलेलं हवं. मित्राला हे सांगा. तो "जॉर्डनला सोडून" म्हणाला तर त्याला २०१५ दाखवा, वॉरियर्स सेंटर बसवूनच जिंकले.

बेंचवरचा_वकील

अवांतर: तुमची ती सेमीफायनल जिंकलात का?

गुडघे_गेलेला_सेंटर

आठ गुणांनी हरलो. मी बाहेर आल्यावर बचाव सुधारला, पण गुण करायला कुणी उरलंच नाही. कोचने शेवटच्या मिनिटाला मला परत आत पाठवलं. दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही घालवले.