नाथसागरात घरच्यांना बोटीत न्यायचंय, काय काय बघू?

संभाजीनगरचा: जुनी फायबरची बोट घेतलीय, मागं १५ एचपीचं इंजिन. पाटीवर ६ माणसं लिहिलंय. दिवाळीत आई, बहीण, दाजी, त्यांची दोन लेकरं आणि मी. एकटा बिनधास्त चालवतो, पण माणसं कधी बसवली नाहीत.

धरणकाठचा: दादा, नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी, ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. वनखातं आणि जलसंपदा, दोन्हीकडं विचारल्याशिवाय बोट पाण्यात घालूच नका.

सहा म्हणजे तुम्हाला धरून सहा. डबे, पाण्याचा जार, पेट्रोल त्याच वजनात. पण खरी भीती वेगळीच. एका अंगाला पक्षी दिसले की सगळे मोबाईल काढून त्याच काठाला झुकतात आणि बोट कलंडते. निघायच्या आधीच बजावा, "जागेवरून कुणी उठायचं नाही, बघायचं असेल तिकडं मी बोट फिरवतो."

जॅकेट काठावरच घाला. लेकराला जॅकेटच्या खांद्याला धरून उचलून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. आई म्हणतील गुदमरतंय, तरी काढू देऊ नका.

पाण्याचा पसारा ३५० चौरस किलोमीटरच्या आसपास, खोली मात्र बेताची. त्यामुळं दुपारी वारा सुटला की लाट आखूड आणि उभी येते. ती अंगावर आडवी घेऊ नका. वेग कमी करून नाकाडावर तिरकी घ्या. सकाळीच जाऊन या.

पाणी उतरायला लागलं की शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप, वायरी आत सरकतात. काठाजवळ इंजिन वर उचलून वल्ह्यानं या. थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामी बाटली तरंगताना दिसली की खाली जाळं आहे समजा. पंख्यात गुंतलं तर आधी इंजिन बंद, मगच हात घाला. आणि बघायला सगळे मागं गोळा होतात, तेही नको.

संभाजीनगरचा: इंजिनाची लाल गुंडाळीची दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, ती घरचे सोबत असतानाही लावायची का?

धरणकाठचा: तेव्हाच जास्त! मनगटाला अडकवा. तुम्ही पडलात तर बोट लेकरांना घेऊन एकटीच पळेल. दाजींना इंजिन बंद करायला काठावरच शिकवा.

गेवराईकर: दुसरं कुणी पडलं तर लगेच न्यूट्रल. वळून वाऱ्याच्या तोंडानं जवळ जा, हात पोचायच्या आत इंजिन बंद. ओढून घेताना बाकीच्यांनी पलीकडच्या अंगाला बसायचं. आणि "मला पोहता येतं" म्हणणाऱ्या दाजींनाही जॅकेट घाला, राव.

संभाजीनगरचा: सोमवारी वनखात्यात जातो. लेकरं चार आणि सात वर्षांची आहेत, त्यांच्या मापाची जॅकेटं संभाजीनगरात कुठं मिळतील?