केफालोनियाला चाललोय, मेलिसानीला किती वाजता जावं?

मुग्धा (बी-५०३): सगळ्यांना नमस्कार. सप्टेंबरअखेर आम्ही ग्रीसला चाललोय, सासूबाई-सासरेही आहेत बरोबर. केफालोनिया बेटावर मुक्काम आहे. मेलिसानीचं गुहेतलं तळं बघायचंच आहे. टूरवाला म्हणतो सकाळी लवकर उरकून घ्या, गर्दी नसते. इथलं कोणी गेलंय का तिकडे?

सोनल (ए-२०१): आम्ही गेलोय. मुग्धा, सकाळी अजिबात जाऊ नकोस गं. त्या तळ्याचं सगळं रूप उन्हावर आहे. गुहेच्या छताचा मोठा भाग कोसळलेला आहे, त्या भगदाडातून ऊन थेट पाण्यावर पडतं तेव्हाच तो निळा रंग दिसतो. आमच्या होडीची सावली खाली तळाच्या दगडांवर पडलेली स्पष्ट दिसत होती. पाणी इतकं नितळ की होडी अधांतरी आहे असं वाटतं. सकाळी गेलीस तर नुसतं अंधारं पाणी बघून परत येशील.

मुग्धा (बी-५०३): मग बारा वाजता जाऊ?

कुलकर्णी सर (ए-६०४): मुग्धा, बारा नव्हे, दीड. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात, शिवाय हे बेट ग्रीसच्या पार पश्चिमेला. त्यामुळे तिथे सूर्य सर्वांत वर येतो तो घड्याळात साधारण दीड वाजता. आपल्या मुंबईतही बाराला माध्यान्ह नसतेच, साडेबाराच्या आसपास असते, तसंच हे.
दुसरं, बेट ३८ अक्षांशावर आहे, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर कधीच येत नाही. सप्टेंबरअखेर तर तो बराच दक्षिणेला कललेला असतो आणि ऊन उत्तरेच्या भिंतीकडे सरकतं. जूनइतकं पाणी उजळणार नाही. म्हणून तर वेळ चुकवू नका.

सोनल (ए-२०१): सर, अगदी बरोबर. आमची होडी एकच्या पुढे निघाली आणि रंग शेवटपर्यंत खुलतच गेला.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १२ टाकी साफ करायची असल्याने दोन्ही विंगचं पाणी बंद राहील. भरून ठेवावे.

देशपांडे काकू (बी-१०२): सोनल, मुग्धाच्या सासूबाईंना जमेल का? गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय ना त्यांचं.

सोनल (ए-२०१): काकू, एक उतरता बोगदा आहे, तो चालावा लागतो, मग थेट होडीच. होडीत चढताना नावाडी हात देतात. बोगद्यात दमट असतं, बूट घसरणारे नकोत. वल्ही मारत नेतात, मोटर नाही. तिकिटातच होडी आली. फेरी छोटीच असते, पाण्यात उतरू देत नाहीत. दुपारी रांग लागते, बसगाड्या त्याच वेळी येतात. तेवढं सोसायचं.
आणि मुग्धा, उजेडाचा भाग संपला की होडी आतल्या अंधाऱ्या दालनात जाते, तिथे मोबाईल खाली ठेव. मधे एक छोटंसं बेट आहे. स्पिरिदोन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केलं तेव्हा पॅन या ग्रीक देवाची मातीची मूर्ती आणि नाचणाऱ्या अप्सरांची तबकडी मिळाली. मारिनातोस मूळचे केफालोनियाचेच. लोक तिथे पूजेला यायचे, तेही सव्वादोन हजार वर्षांपूर्वी. आमच्या होडीतले लोक मात्र तेव्हा फोटो तपासत होते, मला फार वाईट वाटलं.

अथर्व (बी-५०३): सर, ते पाणी येतं कुठून? आपल्याकडे अशी तळी का नाहीत?

कुलकर्णी सर (ए-६०४): शाब्बास अथर्व, हाच खरा प्रश्न. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, तो पाण्यात विरघळत नाही. केफालोनिया चुनखडीचं आहे. पावसाचं पाणी ती विरघळवत जातं, आत पोकळ्या आणि वाटा तयार होतात.
आता गंमत ऐक. बेटाच्या पश्चिमेला अर्गोस्तोली शहराजवळ कातावोथ्रेस नावाची जागा आहे. तिथे समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या भेगांतून जमिनीत शिरतं आणि गडप होतं. एकोणिसाव्या शतकात त्या ओढीवर गिरण्या चालत. ते जातं कुठे, कोणालाच कळत नव्हतं. १९६३ साली ऑस्ट्रियाच्या भूवैज्ञानिकांनी त्यात रंग सोडला. साधारण दोन आठवड्यांनी तो पूर्व किनाऱ्याला, मेलिसानीत आणि जवळच्या काराव्होमिलोस इथे उगवला! सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर, संपूर्ण बेटाच्या पोटातून. वाटेत पावसाचं गोडं पाणी मिसळतं, म्हणून तळ्याचं पाणी मचूळ लागतं.

अथर्व (बी-५०३): म्हणजे आम्ही समुद्रावरच होडी चालवणार??

कुलकर्णी सर (ए-६०४): समुद्र आणि पाऊस, दोन्हींवर. म्हणून मुग्धा, माझं ऐकशील तर आधी कातावोथ्रेस बघा. नुसतं तळं पाहून आलात तर अर्धीच गोष्ट पाहिली. १९५३ च्या भूकंपानंतर तिथला ओघ कमी झाला, पण गिरणीचं चाक आहे. त्या भूकंपात बेटावरची जवळजवळ सगळी घरं गेली, उत्तरेचं फिस्कार्दो तेवढं वाचलं.

देशपांडे काकू (बी-१०२): शाकाहारी लोकांनी काय खायचं तिकडे?

सोनल (ए-२०१): ब्रिआम मागा, ऑलिव्ह तेलात भाजलेल्या भाज्या असतात. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे. पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) मागवताना आत मांस आहे का विचारा, तिथल्या प्रसिद्ध पायमध्ये असतं.

मुग्धा (बी-५०३): सर, सोनलताई, खूप खूप आभार. टूरवाल्याशी आत्ताच बोलले. सकाळी अर्गोस्तोलीला कातावोथ्रेस, मग डोंगर ओलांडून मेलिसानीजवळच्या सामी गावात जेवण, एकला मेलिसानीच्या रांगेत. गाडी वेगळी करावी लागेल म्हणाला, करू म्हटलं.

सोनल (ए-२०१): सामीला जेवायला थांबलात तर उशीर होईल गं. डबा बरोबर घ्या, जेवण नंतर.