मासे खाणारं घर, बाल्कनी आणि पावसाळा: ओल्या कचऱ्याचं खत कसं सांभाळावं?

करवंद

नमस्कार मंडळी. कल्याण पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात पाच माणसं, आठवड्यातून तीनदा मासळी. मार्चपासून बाल्कनीत घरीच खत करायला घेतलंय. वीस लिटरच्या दोन बादल्या आहेत, बुडाला आणि कडेने भोकं पाडून खाली ताट ठेवलंय. मे अखेरपर्यंत झकास चाललं होतं. पहिल्या बादलीतून घमेलंभर खत निघालं आणि त्यात लावलेल्या मिरचीला आता फुलंही आलीत.

पाऊस लागला आणि सगळं बिघडलं. झाकण उघडलं की आंबट वास येतो आणि चिलटं तोंडावर उडतात. परवा दुधीचं साल उचललं, तर खाली पेराएवढ्या करड्या अळ्या वळवळत होत्या. आई बाल्कनीत पाऊल टाकायला तयार नाही. शेजारच्या काकूंनीही वासाबद्दल सांगितलं, आणि त्यांचं काही चूक नाही.

पण मला हे सोडायचं नाहीये. मार्च २०१८मध्ये आधारवाडीच्या डम्पिंगवरचा, म्हणजे कल्याणच्या कचराभूमीवरचा कचरा पेटला होता, तेव्हा आम्ही कितीतरी दिवस खिडक्या लावून, फटींत ओले टॉवेल कोंबून बसलो होतो. बाबांना दमा आहे. जे जळत होतं त्यात आमच्याही घरची सालं आणि काटे होते, ही गोष्ट मनातून जात नाही. २०२१मध्ये तिथे कचरा टाकणं बंद झालं. तरी आपला कचरा कुणाच्या तरी दारात जातोच.

तर विचारायचं असं, की वास आणि अळ्यांवर काय करू? माशांचे काटे, खवलं, कोळंबीची सालं यांचं काय? आणि आठ-दहा हजारांचा तयार कंपोस्टर घ्यावा का?

गच्चीवरचा माळी

कंपोस्टर आत्ता नको. तुमच्या बादल्या चांगल्या आहेत, त्यांना सुकं कमी पडतंय.

सालं, देठं, चहाचा चोथा यांत पाणी आणि नत्र भरपूर असतं. खत करणाऱ्या जिवाणूंना त्याच्या जोडीला कर्ब लागतो, एक भाग नत्राला साधारण तीस भाग. तो सुक्या पाल्यात, भुशात, पुठ्ठ्यात असतो. सुकं कमी पडलं की ओलं दबून गच्च होतं, आत हवा राहत नाही, आणि मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. वास त्यांचा. डम्पिंगच्या ढिगात खोलवर हेच होतं, तिथे मिथेन साठतो आणि आगी भडकायला तोही कारण ठरतो.

आज एवढं करा. बादली जुन्या चादरीवर पालथी घाला. मधला एक मुठका घेऊन जोरात पिळा. बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर पाणी फार झालंय. तुमची धारच लागणार. मग त्यात मापाने दुप्पट सुकं मिसळा, हाताने मोकळं करा, भोकं काटकीने साफ करा आणि परत भरा. वरून चार बोटं सुक्याचा थर हवाच, उघडं साल एकही दिसता कामा नये. चिलटं तिथेच अंडी घालतात. मूठभर निंबोळी पेंड भुरभुरवलीत तर चिलटं लवकर कमी होतील. यापुढे रोज एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुकं, आणि दर तीन-चार दिवसांनी हलवायचं.

अळ्यांवर कृपा करून फिनेल ओतू नका. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून त्या काळ्या सैनिक माशीच्या वाटतात. त्या कचरा भराभर संपवतात, आणि ती माशी मोठी झाल्यावर आपल्या अन्नाच्या वाटेला जात नाही. ओल कमी झाली की त्याही कमी होतात. नकोच वाटत असतील तर सुपात काढून बाहेर ठेवा, दयाळ आणि साळुंक्या फडशा पाडतात.

शेवंती

जुलैत सुकं आणायचं कुठून, हा माझाही प्रश्न असायचा. अंड्यांचे कागदी ट्रे मागून घ्या, दुकानदार आनंदाने देतात. हाताने फाडून घातले की पाणी शोषतात आणि पोकळीही राहते. नारळाच्या शेंड्या, चिकटपट्टी काढलेले पुठ्ठे, सुताराकडचा भुसा हेही चालतं. भुसा नुसत्या लाकडाचाच घ्या. प्लायवूडचा नको, त्यात गोंद आणि रसायनं असतात.

माडाखाली

मासळीचं मी सांगतो, आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे मासे धुतलेलं पाणी मोरीत जात नाही, ते कढीपत्त्याला आणि माडाच्या आळ्यात जातं. मीठ लावण्याआधीचं पाणी मात्र.

काटे आणि टरफलं बाल्कनीच्या बादलीत घालू नका. एवढ्याशा बादलीत आतली ऊब फारशी वाढत नाही, त्यामुळे मासळी कुजत राहते आणि मांजरं येतात. सोसायटीत माती असेल तर झाडाच्या बुंध्यापासून दोन हात लांब, हातभर खोल पुरा आणि वर दगड ठेवा. पुरायला जाईपर्यंत डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं. कोळंबीची सालं उन्हात कडकडीत वाळवून कुटलीत तर कुंडीत मातीखाली घालता येतात, पण ते आता दिवाळीनंतरच.

दुसरा उपाय म्हणजे माशाचे तुकडे आणि तेवढ्याच वजनाचा गूळ बरणीत घालून सावलीत ठेवणं. तमिळनाडूतले शेतकरी हे सर्रास करतात, मीन अमिलम म्हणतात त्याला. तीन-चार आठवड्यांत गडद पाक सुटतो. गाळून लिटरभर पाण्यात दोन-तीन मिली घालून फवारा. झाकण अगदी घट्ट लावू नका, आत वायू होतो.

आणि बाजारात जाताना झाकणाचा डबा न्या. आमची कोळीण आता डबा बघितल्याशिवाय मासळी कापायलाच घेत नाही.

शेवंती

माती अजिबात नसेल तर बोकाशी बघा. हवाबंद डब्यात जिवाणू मुरवलेला कोंडा थराथराने घालायचा. त्यात मासे-मटण चालतं. दोन आठवड्यांनी ते लोणच्यासारखं मुरतं, खालचं पाणी मात्र अधूनमधून तोटीने काढायचं. शेवटी मातीत मिसळून अजून दोन-तीन आठवडे ठेवावंच लागतं, म्हणून एक रिकामी मोठी कुंडी हवी.

करवंद

तीन आठवड्यांनी लिहितोय. मुठका पिळला तेव्हा कोपरापर्यंत ओघळ आला होता. अंड्यांचे बारा ट्रे आणि गोणीभर भुसा लागला. पाचव्या दिवशी आंबट वास गेला, आता पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा येतो. अळ्या तुरळक आहेत. परवा त्यात टोमॅटोची रोपं उगवलेली दिसली. काकूंना बोलावून दाखवलं, दोन रोपं त्या घेऊन गेल्या. मासळीचा कचरा आता मागच्या शेवग्याजवळ पुरतो, सोसायटीला विचारूनच.

आमच्या आवारात देशी बदामाची दोन झाडं आहेत. थंडीत लाल पानांचा खच पडतो आणि सगळा घंटागाडीत जातो. यंदा तो भरून ठेवायचा म्हणतोय. पाच जणांच्या घराला पावसाळाभर किती लागेल?

गच्चीवरचा माळी

पायाने चुरून दाबून भरल्या तर पाच-सहा गोण्या. बदामाचं पान जाड असतं, न चुरता घातलंत तर महिनोन् महिने तसंच राहील. जवळपास पर्जन्यवृक्ष असेल तर त्याचाही पाला घ्या, बारीक असतो आणि लगेच कुजतो. गोण्या जमिनीला टेकवू नका, खाली विटा घाला आणि जिन्याखाली ठेवा. मीटरच्या पेटीपासून मात्र लांब.